१०३ विरुद्ध १०२: ॲलन कुलविकी, पॉल अँड्र्यूज आणि अटलांटाचा शेवटचा पिट स्टॉप

नॅस्कार या अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या विन्स्टन कप या मुख्य मालिकेतली १९९२ सालची शेवटची शर्यत १५ नोव्हेंबरला अटलांटाला झाली. ती जिंकली बिल एलियटने. दुसरा आला ॲलन कुलविकी, आणि वर्षाचं अजिंक्यपद मात्र त्याच्याकडे गेलं, अवघ्या १० गुणांनी. त्या दिवशी कुलविकी १०३ फेऱ्या आघाडीवर होता, एलियट १०२. ही एक फेरी क्रू चीफ पॉल अँड्र्यूजने हिशेब करून मिळवली, असं नेहमी सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण त्याच गाडीचा पहिला गिअर त्या दिवशी तुटलेला होता आणि शेवटच्या पिट स्टॉपवर, म्हणजे पेट्रोल-टायरसाठीच्या थांब्यावर, टाकीत ठरल्यापेक्षा कमी पेट्रोल गेलं होतं, हे त्या सांगण्यात बहुधा राहून जातं. हिशेब कुठे संपला आणि नशीब कुठे सुरू झालं, ते नीट उकलण्यासारखं आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. स्टॉक कार हे नाव फसवं आहे. कुलविकीची गाडी फोर्ड थंडरबर्ड म्हणवायची, पण शोरूममधल्या थंडरबर्डशी तिचं नातं पत्र्याच्या आकारापुरतं. आत स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, ३५८ घनइंचांचं म्हणजे ५.९ लिटरच्या आतलं व्ही-एट इंजिन, एक चार-तोंडी कार्ब्युरेटर, चार गिअर, वजन सुमारे ३,५०० पौंड, चाकाला पाच नट. पेट्रोलची टाकी २२ गॅलनची, म्हणजे साधारण ८३ लिटरची. आणि डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटाच नाही. असतो तो इंधनाच्या दाबाचा काटा, आणि तो हलायला लागला की समजायचं, टाकी जवळजवळ कोरडी झाली. टाकीत किती उरलंय हे चालकाला कळत नाही, ते पिटमध्ये उभ्या असलेल्या क्रू चीफला वहीवरून ठाऊक असावं लागतं. क्रू चीफ म्हणजे निम्मा मिस्त्री आणि निम्मा मुनीम. स्प्रिंगा, टायरमधली हवा, चारही चाकांवर वजनाची वाटणी हे मिस्त्रीचं काम. कुठल्या फेरीला आत बोलवायचं, किती टायर, किती पेट्रोल हे मुनिमाचं. अटलांटाची शर्यत मुनिमाने जिंकून दिली.

चालक, मालक आणि नोकरीला ठेवलेला क्रू चीफ

कुलविकी विस्कॉन्सिनचा, मिलवॉकीजवळच्या ग्रीनफिल्डचा, जन्म १९५४चा. वडील शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधत. त्याने विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातून १९७७ला मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, गावाकडच्या छोट्या ट्रॅकांवर नाव केलं आणि होतं नव्हतं ते विकून नॉर्थ कॅरोलिनाची वाट धरली. निघायच्या तोंडावर त्याचा ट्रक आगीत जळाला, तेव्हा दुसऱ्याचा मागून आणला. १९८६ला मूळ मालकाने हंगामाच्या मध्येच हात आखडता घेतल्यावर त्याने संघ स्वतःच चालवायला घेतला. एक गाडी, दोन इंजिनं आणि पूर्णवेळ कामाला दोन माणसं, एवढ्या संसारावर तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

स्वतः इंजिनिअर, स्वतः चालक आणि स्वतःच मालक, अशा माणसाकडे क्रू चीफ म्हणून टिकणं अवघड. कुलविकीला प्रत्येक नटबोल्टाची माहिती हवी असायची आणि माणसं त्याला कंटाळून जात. १९८८ला रस्टी वॉलेस या चालकाच्या शिफारशीवरून पॉल अँड्र्यूज आला आणि टिकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिनिक्सला कुलविकीने पहिली कप शर्यत जिंकली आणि मग ट्रॅकवर उलट्या दिशेने एक फेरी मारली. त्यामुळे चालकाची खिडकी प्रेक्षकांच्या बाजूला येते. पोलिश वंशाच्या या माणसाची ती ‘पोलिश व्हिक्टरी लॅप’ पुढे अनेकांनी उचलली.

१९९०ला तो गुणतक्त्यात आठवा आला. तेव्हा नामांकित संघमालक ज्युनिअर जॉन्सनने त्याला आपल्या गाडीसाठी दहा लाख डॉलरची तयारी दाखवली. कुलविकीने नकार दिला. त्याचा जुना प्रायोजकही गेला होता आणि १९९१चा हंगाम त्याने कायमच्या प्रायोजकाशिवायच सुरू केला. मार्चमध्ये अटलांटालाच त्याने पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करण्याची जागा, मिळवली. तिथे ‘हूटर्स’ या उपाहारगृहांच्या साखळीने पैसे लावलेली दुसरी एक गाडी पात्रच ठरली नव्हती. त्यांना गाडी हवी होती, याला पैसा, असं ते जुळलं. १९९२ला एलियट ज्या गाडीत बसला ती ज्युनिअर जॉन्सनचीच होती, हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या गोष्टीला थोडी जास्त धार येते.

२७८ गुणांची खाई

२० सप्टेंबरला डोव्हरला कुलविकीची गाडी आदळली, क्रमांक ३४. सहा शर्यती बाकी आणि एलियट २७८ गुणांनी पुढे. तेव्हाची गुणपद्धत अशी: पहिल्याला १७५, पुढे सहाव्यापर्यंत दर क्रमांकाला ५ कमी, सातव्यापासून अकराव्यापर्यंत ४ कमी, त्यानंतर ३ कमी. एक फेरी जरी आघाडीवर राहिलात तरी ५ गुण वर, आणि शर्यतीत सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहिलात तर आणखी ५.

या पद्धतीत जिंकण्याचं बक्षीस लहान आणि गाडी बसण्याची शिक्षा मोठी. पहिला आणि दुसरा यांच्यात फक्त ५ गुण, पण तिसाव्याला ७३. म्हणजे २७८ गुण शर्यती जिंकून भरून निघत नाहीत. समोरच्याची गाडी बसावी लागते आणि तेव्हा आपली धावत असावी लागते. पुढच्या पाच शर्यतींत एलियटचे क्रमांक ३०, २६, ३०, ४ आणि ३१. कुलविकीचे ५, १२, २, १२ आणि ४. एकही विजय नाही. तरी पाच शर्यतींत २८८ गुणांची उलथापालथ झाली आणि तो एलियटच्या १० गुण पुढे गेला. याला कुणी पुनरागमनाचा पराक्रम म्हणतं. गाडी शेवटपर्यंत चालवत ठेवण्याचा पराक्रम म्हटलं तर जास्त बरोबर होईल.

अटलांटाला सुरुवात करताना गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या डेव्ही ॲलिसनचे गुण ३,९२८, कुलविकीचे ३,८९८, एलियटचे ३,८८८. हॅरी गँट, काइल पेटी आणि मार्क मार्टिन हेही कागदावर शर्यतीत होते. ॲलिसनला पाचवा क्रमांक पुरत होता: ३,९२८ अधिक १५५ म्हणजे ४,०८३. कुलविकी शर्यत आणि दोन्ही बोनस जिंकला तरी त्याचे ३,८९८ अधिक १८५ म्हणजे तेवढेच ४,०८३ होत होते, आणि बरोबरी झाली तर हंगामात जास्त विजय असलेला वर. ॲलिसनचे पाच विजय, कुलविकीचे हा धरूनही तीनच. हे ‘बरोबरीत कोण’ प्रकरण पुढे पुन्हा येणार आहे.

कुलविकीच्या गाडीच्या नाकावरच्या ‘थंडरबर्ड’ शब्दातली पहिली दोन इंग्रजी अक्षरं काढली होती, म्हणून ती ‘अंडरबर्ड’. ‘अंडरडॉग’ या शब्दावरचा हा विनोद फोर्डची संमती घेऊन केलेला होता. दिग्गज चालक रिचर्ड पेटीची ही शेवटची शर्यत, म्हणून गर्दीही अफाट होती. पुढे नावाजलेल्या जेफ गॉर्डनची ही पहिली कप शर्यत.

पहिला गिअर

पहिल्याच पिट स्टॉपवर कुलविकीच्या गिअरबॉक्समधला पहिला गिअर तुटला. आपल्याकडे घाटात पहिला गिअर गेला तर माणूस गाडी कडेला घेतो. इथे धावत्या गाडीला पहिल्या गिअरची गरज पडत नाही, सगळी शर्यत चौथ्यात चालते. गरज पडते ती थांब्यावरून निघताना, आणि असे तीन-चार थांबे अजून बाकी होते.

मोठा धोका निराळाच होता. तुटलेल्या दात्याचा तुकडा पेटीत तेलाबरोबर फिरत असतो. तो दोन गिअरच्या दात्यांमध्ये सापडला तर दुसरा गिअरही फुटतो आणि पेटी जाम होते. अँड्र्यूजने ठरवलं की गाडी सरळ चौथ्या गिअरवरच काढायची. कारण असं की चार गिअरच्या अशा पेटीत चौथा हा थेट गिअर असतो. इंजिनकडून येणारा दांडा आणि मागे जाणारा दांडा एकमेकांत अडकतात आणि ताकद खालच्या दांड्यावरच्या गिअरांमधून जात नाही. ते गिअर फिरतात, पण त्यांच्यावर भार नसतो. शिवाय दुसरा, तिसरा असे गिअर बदलले की आतलं धातूचं चूर्ण ढवळलं जातं, ते टळतं.

याची किंमत क्लच देतो. चौथ्यात गाडी उचलायची तर क्लच बराच वेळ घसरता ठेवावा लागतो. पेडल घाईने सोडलं तर इंजिन बंद, फार धरून ठेवलं तर क्लचच्या चकत्या जळतात. अशा वेळी क्रूने गाडी मागून ढकलून पहिला धक्का द्यायचा, चालकाने इंजिनाचे फेरे चढे ठेवून क्लच हळू सोडायचा, हाच उपाय. प्रत्येक थांब्यावर थोडे सेकंद जातातच, आणि हे सेकंद पुढच्या प्रत्येक निर्णयात धरावे लागले. कमी थांबे, छोटे थांबे. शेवटच्या थांब्याला फक्त पेट्रोल घेण्याच्या निर्णयाचं एक मूळ इथेही दिसतं.

दरम्यान २५३व्या फेरीला एर्नी अर्व्हनची गाडी टायर फुटून फिरली आणि मागून येणारा ॲलिसन तिच्यावर आदळला. तो त्या वेळी सहावा होता. शेवटी २७वा, एकूण ४,०१५. यात कुलविकीच्या पिटमधल्या कुणाचंही कर्तृत्व नाही.

फेऱ्यांचा हिशेब

आता राहिले दोघे. एलियट शर्यत जिंकेल आणि कुलविकी दुसरा येईल असं धरा. दोघांना आघाडीचे ५ मिळालेलेच. प्रश्न उरतो जास्तीत जास्त फेऱ्यांच्या ५ गुणांचा.

ते एलियटला गेले तर एलियट ३,८८८ अधिक १८५, म्हणजे ४,०७३. कुलविकी ३,८९८ अधिक १७५, म्हणजे तेही ४,०७३. बरोबरी. एलियटचे विजय पाच, कुलविकीचे दोन, अजिंक्यपद एलियटचं.

ते कुलविकीला मिळाले तर ४,०७८ विरुद्ध ४,०६८. इतकंच नाही, या ५ गुणांवर कुलविकी तिसरा आला असता तरी ४,०७३ होऊन निभावला असता. चौथा आला असता तर पुन्हा ४,०६८ची बरोबरी आणि पुन्हा एलियट. म्हणजे या बोनसने त्याला मागे सरकायला एका क्रमांकाची जागा दिली. बोनस नसता तर दुसरा क्रमांकही फुकट होता. क्रिकेटमध्ये नेट रनरेटवर उपांत्य फेरी ठरते तेव्हा ड्रेसिंगरूममध्ये कागद घेऊन बसलेला माणूस लागतो. इथे तो माणूस अँड्र्यूज.

बोनस कधी पक्का होतो? आपल्या आघाडीच्या फेऱ्या या समोरच्याच्या फेऱ्या अधिक उरलेल्या सगळ्या फेऱ्या यांच्यापेक्षा जास्त झाल्या की. यातली गंमत अशी की आपण आघाडीवर एक फेरी काढली की आपला आकडा एकने वाढतो आणि उरलेल्या फेऱ्याही एकने कमी होतात, म्हणजे अंतर दोनने सुधारतं. समोरचा आघाडीवर असेल तर अंतर जागच्या जागी राहतं. म्हणून आघाडीवर असताना थांबा एकेक फेरी पुढे ढकलणं दुप्पट फायद्याचं. फक्त टाकी तेवढी पुरायला हवी, आणि आपण आत असताना पिवळा झेंडा, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांनी हळू चालायचा इशारा, पडू नये. पिवळ्या झेंड्याखालच्या फेऱ्याही आघाडीच्या म्हणून मोजल्या जातात, आणि हिरव्या झेंड्यात, म्हणजे शर्यत पूर्ण वेगात असताना, आत गेलेला माणूस अशा वेळी एक फेरी मागे अडकतो.

३२८ फेऱ्यांच्या शर्यतीत शेवटच्या वीसेक फेऱ्या उरल्या तेव्हा कुलविकी आघाडीवर होता आणि शेवटचा थांबा बाकी होता. अँड्र्यूजने त्याला बाहेर ठेवलं, हिशेब जमल्यावरच आत घेतलं.

अर्धा सेकंद

टायर बदलायचे नाहीत, फक्त पेट्रोल, असं ठरलं. चार टायरचा थांबा म्हणजे तेव्हा अठरा-वीस सेकंद. फक्त पेट्रोलचा म्हणजे काही सेकंद. ट्रॅक १.५२२ मैलांचा. १८ फेऱ्या धरल्या तर साडेसत्तावीस मैल. अशी गाडी गॅलनला साडेचार-पाच मैल देते, म्हणजे सहा गॅलन, साधारण २३ लिटर लागणार.

पेट्रोल भरण्याचा कॅन तेव्हा ११ गॅलनचा, भरलेला ऐंशी पौंडांच्या आसपास. पंप नसतो, गुरुत्वाकर्षणानेच ओतायचं. अख्खा कॅन रिकामा व्हायला सहा-सात सेकंद. टाकी पूर्ण भरायची असेल तेव्हा मागच्या नळीतून पेट्रोल बाहेर यायचं, ते पकडणारा माणूस हात वर करायचा, काम संपलं. अर्धवट भरताना असा इशारा मिळत नाही. कॅन ओतणारा गॅसमन मनात सेकंद मोजतो. कॅनचं तोंड गाडीच्या झडपेत पुरतं बसल्याशिवाय प्रवाह सुरू होत नाही. तोंड अर्धा सेकंद उशिरा बसलं किंवा कॅन अर्धा सेकंद आधी ओढला, की पाऊण गॅलन गेलं, म्हणजे दोन-सव्वादोन फेऱ्या. घाईत नेमकं तसंच झालं. ठरलेलं सगळं पेट्रोल आत गेलं नाही.

किती कमी गेलं हे कळायचा एकच खात्रीचा मार्ग: कॅन भरण्याआधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवायचा. गॅलनमागे सहा पौंडांहून थोडं जास्त, बाकी वजाबाकी. मग चालकाला रेडिओवर सांगायचं की आता पेट्रोल वाचव. वळणाच्या बऱ्याच आधी पाय उचलायचा, गाडी वाहू द्यायची, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर एकदम न दाबता हळूहळू द्यायचा, जमलं तर दुसऱ्या गाडीच्या मागे हवेचा आडोसा घ्यायचा. फेरीचा वेळ वाढतो, म्हणून हे करताना मागच्याशी असलेलं अंतर सतत डोक्यात हवं. कुलविकीने एलियटला पकडायचा नाद सोडला आणि दुसरा क्रमांक सांभाळत गाडी रेषेपलीकडे नेली.

खटकणारी गोष्ट हीच. बोनस पक्का झाल्यावर तिसरा क्रमांकही पुरत होता. मग दीड-दोन सेकंद जास्त उभं राहून दहा-बारा लिटर जास्त घेणं परवडलं असतं की नाही? मागच्या गाडीशी अंतर पुरेसं असेल तर नक्कीच परवडलं असतं. पेट्रोल संपून गाडी बंद पडली असती तर एका क्रमांकाने भागलं नसतं. मोडक्या गिअरबॉक्सने निघताना आणखी वेळ जाईल ही धास्ती रास्त होती. तरीही तासभर फेरी-फेरीचा हिशेब अचूक ठेवलेला संघ शेवटी गॅसमनच्या मनातल्या मोजणीवर सुटला, हा या प्रकरणातला कच्चा दुवा.

एलियटच्या बाजूने पाहिलं तर क्रू चीफ टिम ब्रुअरची शेवटच्या वीस फेऱ्यांत फारशी चूक दिसत नाही. एलियट शर्यत जिंकला, त्याहून जास्त काय करणार? सुटलं ते आधीच्या तीनशे फेऱ्यांत. एखाद्या थांब्याला आघाडीवर असताना आणखी एक फेरी बाहेर राहून कुलविकीची एक फेरी काढून घेतली असती, तर १०२ आणि १०३ यांची अदलाबदल झाली असती. तेव्हा ती फेरी कुणाला महत्त्वाची वाटली नसावी.

नंतर

कुलविकीने अटलांटालाही उलटी फेरी मारली. १९९३च्या मोसमात तो पाचच शर्यती धावला. १ एप्रिलला ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना त्याचं छोटं विमान टेनेसीत उतरण्याच्या बेतात असताना कोसळलं. इंजिनच्या तोंडाशी जमणारा बर्फ वितळवणारी यंत्रणा वैमानिकाने नीट वापरली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. जुलैमध्ये डेव्ही ॲलिसनही हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. कुलविकीच्या नावावर २०७ शर्यती, २४ पोल आणि पाच विजय. स्वतःच मालक असलेला चालक पुन्हा कप अजिंक्यपद जिंकेपर्यंत २०११ साल उजाडलं, तो टोनी स्टुअर्ट.

संघ जेफ बोडाइनने विकत घेतला. अटलांटाच्या दिवशी त्या छोट्या संघात असलेला टोनी गिब्सन २०१७ला कर्ट बुशचा क्रू चीफ म्हणून डेटोना ५०० ही मानाची शर्यत जिंकला. अँड्र्यूज पुढे वेगवेगळ्या संघांत क्रू चीफ राहिला. जून १९९८मध्ये त्याच्या हाताखाली जेरेमी मेफिल्डने आपली पहिली कप शर्यत जिंकली, ती पोकोनोला. कुलविकीचा शेवटचा विजयही पोकोनोचाच, जून १९९२चा.